व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांचा एकत्र संसार

माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी जुळविलेला एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आमच्या घरी होता. त्याचे दोन भाग होते. ग्रामोफोनच्या सुईकडून आलेला क्षीण संदेश वाढवून, त्याचा स्वर नीट करून पुढे पाठविणारा लहान भाग तो पूर्ववर्धक. आणि त्या संदेशाला स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ देणारा मोठा, वजनदार भाग तो शक्तिवर्धक. वडिलांच्या पश्चात काही वर्षांनी शक्तिवर्धकाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. त्याच्या जोडीचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर आमच्या गावात उरला नव्हता. तेव्हा मी बाजारातून ट्रान्झिस्टरचा नवा शक्तिवर्धक आणला, वडिलांचा पूर्ववर्धक त्याला जोडला आणि त्यांच्या आवडीची ख्यालाची एक तबकडी लावली. गायकाचा आवाज स्वच्छ आला, तबल्याची चाट लखलखीत वाजली. पण तंबोऱ्याचा खर्ज मात्र जणू कोणी पुसून टाकला होता. बायाची घुमार नाही, खर्जाची आस नाही, सगळे गाणे पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखे अधांतरी. ऐकावयास आलेल्या एका जाणत्या स्नेह्यांनी निर्णय दिला, "व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांचे जमायचे नाही. एक तर सगळे जुने ठेवा, नाही तर सगळे नवे घ्या." सगळे जुने ठेवणे शक्य नव्हते. भंगारवाल्याला निरोप धाडण्याच्या बेतात मी आलो होतो.

तो निर्णय चुकीचा होता हे मला पुढे कळले. तो का चुकीचा होता, एवढेच आज आपल्याला सांगावयाचे आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातची अशी एखादी पेटी पुष्कळ घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली असते, आणि तिचे पुढे काय करावे हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

प्रथम या दोन भिडूंची ओळख करून घेऊ. इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची निर्वात नलिका सिद्ध केली. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात आणि पोकळीतून धनाग्राकडे धावतात, एवढेच तिचे कार्य. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये या दोन अग्रांच्या मध्ये तिसरे अग्र, म्हणजे तारेची जाळी, बसविली. या जाळीवरील विद्युत् दाबात किंचित बदल केला की इलेक्ट्रॉनांच्या ओघात मोठा बदल होतो. क्षीण संदेश बलवान करण्याची किल्ली तेथून मनुष्याच्या हाती आली. हाच आपला व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर त्याच्याहून चाळीस वर्षांनी धाकटा. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर तो प्रथम चालवून दाखविला; या संशोधनाबद्दल त्या दोघांना आणि विल्यम शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच १९४७ सालच्या वसंतात 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या व्हॉल्व्ह-वर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला होता. पंधरा वॅट शक्ती देताना त्यातील विकृती शेकडा ०.१ हून कमी होती. व्हॉल्व्हची विद्या परिपक्व होण्यास आणि तिचा प्रतिस्पर्धी जन्मास येण्यास असे एकच वर्ष लाभले.

आपल्या देशात या दोन्ही वस्तू जवळजवळ एकाच वेळी तयार होऊ लागल्या. बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला आणि १९६२ साली जर्मेनियमच्या अर्धसंवाहक वस्तूंस. तेव्हा आपल्याकडील एका पिढीने आपल्या उमेदीच्या काळात दोघांनाही हाताळले आहे.

दोघांचे काम एकच, पण प्रकृती निराळी. व्हॉल्व्ह दाबाचा धनी आहे, प्रवाहाचा नव्हे. पूर्ववर्धकात नेहमी आढळणारा १२ एएक्स ७ हा व्हॉल्व्ह, ज्याला युरोपात ईसीसी ८३ म्हणतात, धनाग्रावर दोनअडीचशे व्होल्टांचा दाब घेतो. पण त्यातून वाहणारा प्रवाह असतो अवघा एक मिलिॲम्पिअरच्या आसपास. उलट, आठ ओहमच्या स्पीकरला पन्नास वॅट शक्ती द्यावयाची तर दाब लागतो केवळ वीस व्होल्ट, परंतु प्रवाह लागतो अडीच ॲम्पिअर. म्हणजे त्या लहान व्हॉल्व्हच्या प्रवाहाच्या अडीच हजार पट! शक्तिवर्धकातील मोठे व्हॉल्व्हही हा भार सरळ उचलू शकत नाहीत. म्हणून व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण पंचवीसास एक ठेवले, तर आठ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला त्या प्रमाणाच्या वर्गाइतका, म्हणजे सहाशे पंचवीस पट मोठा, पाच हजार ओहमचा भासतो आणि मग त्याला तो पेलतो. हा ट्रान्सफॉर्मर चांगला करणे म्हणजे उत्तम पोलाद, पुष्कळ तांबे आणि निष्णात हात. व्हॉल्व्हच्या शक्तिवर्धकाचे वजन आणि किंमत बहुतांशी तेथे असते. ट्रान्झिस्टरला या मध्यस्थाची गरज नाही. थोड्या दाबावर मोठा प्रवाह देणे हा त्याचा स्वभावच आहे.

यावरून कामाची वाटणी आपोआप सुचते. जेथे केवळ दाब वाढवावयाचा आहे, प्रवाहाचे काम नाही, त्या पूर्ववर्धकात व्हॉल्व्ह सुखाने नांदतो. जेथे स्पीकरला प्रत्यक्ष ढकलावयाचे आहे, तेथे ट्रान्झिस्टर कमी खर्चात, कमी उष्णतेत आणि बिनट्रान्सफॉर्मर काम करतो. लहान व्हॉल्व्ह बेताने वापरले तर वर्षानुवर्षे टिकतात. मोठे व्हॉल्व्ह खर्चिक असून त्यामानाने लवकर झिजतात. तेव्हा 'पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर' ही मांडणी केवळ तडजोड नसून शास्त्राला धरूनही आहे. मग माझ्या घरी ती फसली का?

येथे एका पारिभाषिक शब्दाचा परिचय करून घेणे अवश्य आहे. तो शब्द म्हणजे संरोध. बदलत्या विद्युत् प्रवाहाला एखादे उपकरण जो विरोध करते तो त्याचा संरोध. प्रत्येक वर्धकाला दोन संरोध असतात: संदेश आत घेताना दिसणारा प्रवेशसंरोध आणि बाहेर देताना दिसणारा निर्गमसंरोध. संदेश देणाऱ्याचा निर्गमसंरोध लहान असावा आणि घेणाऱ्याचा प्रवेशसंरोध त्याच्या निदान दहा पट असावा, हा जोडणीचा पहिला नियम. तसे नसेल तर संदेशाचा मोठा वाटा देणाऱ्याच्या घरीच खर्ची पडतो. समजा, पूर्ववर्धकात संदेश सरळ १२ एएक्स ७ च्या धनाग्रावरून बाहेर काढला आहे. तेथील निर्गमसंरोध चाळीस किलोओहमच्या घरात असतो. नव्या ट्रान्झिस्टर-वर्धकाचा प्रवेशसंरोध पुष्कळदा दहा किलोओहम असतो. चाळीस आणि दहा मिळून पन्नास. त्यातील दहाचा वाटा पुढे पोहोचला, म्हणजे संदेशाचा केवळ पाचवा भाग! ज्या काळी हे पूर्ववर्धक बांधले गेले, त्या काळी पुढे असे तो व्हॉल्व्हचा शक्तिवर्धक आणि त्याचा प्रवेशसंरोध चारपाचशे किलोओहम. त्याच्यापुढे चाळीसाचा अडथळा कोणाला जाणवत नव्हता.

वडील जाणकार होते. त्यांनी शेवटी आणखी एक व्हॉल्व्ह घालून संदेश धनाग्राऐवजी ऋणाग्रावरून काढला होता. या रचनेत दाब वाढत नाही, पण निर्गमसंरोध एक किलोओहमच्या आसपास खाली येतो. एकास दहा, म्हणजे नियम पाळला गेला होता. तरीही खर्ज गेला. मी आठवडाभर त्या पेटीचा नकाशा घेऊन बसलो, तेव्हा दोष सापडला. तो व्हॉल्व्हमध्ये नव्हता, ट्रान्झिस्टरमध्येही नव्हता. दोघांच्या मधल्या एका लहानशा कंडेन्सरमध्ये होता.

व्हॉल्व्हवरील उच्च दाब पुढच्या उपकरणात शिरू नये म्हणून पूर्ववर्धकाच्या मुखाशी एक कंडेन्सर, शास्त्रीय भाषेत धारित्र, बसविलेला असतो. तो स्थिर दाब अडवितो आणि संगीताचा चंचल संदेश जाऊ देतो. पण सर्व स्वरांना तो सारखा मार्ग देत नाही. स्वर जितका खालचा, तितका त्याचा अडथळा मोठा. हा अडथळा कोठे जाणवू लागेल हे कंडेन्सरची धारकता आणि पुढील संरोध या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. आमच्या पेटीत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. पुढे ४७० किलोओहमचा जुना वर्धक असताना घट सुरू होई ती सेकंदाला तीनचार कंपनांपाशी, म्हणजे मनुष्याच्या श्रवणमर्यादेच्या कितीतरी खाली. त्याच कंडेन्सरपुढे दहा किलोओहमचा नवा वर्धक येताच ही सीमा एकदम सुमारे १४५ कंपनांपर्यंत वर सरकली. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ७० कंपनांचा असतो. हिशेब केला तर त्याचा निम्म्याहूनही कमी अंश पलीकडे पोहोचत होता. मी ०.१ च्या जागी २.२ मायक्रोफॅरडचा, योग्य दाब सोसणारा कंडेन्सर बसविला. सीमा सहासात कंपनांवर उतरली आणि त्या रात्री तंबोरा पुन्हा वाजू लागला. ज्या वस्तूने माझा बाप भंगारात गेला असता, तिची किंमत एका वेळच्या जेवणाहून अधिक नव्हती.

तेव्हा जोडणी करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या माहितीपत्रकांतून हे तीन आकडे पाहावेत: निर्गमसंरोध, प्रवेशसंरोध आणि मधल्या कंडेन्सरची धारकता. चौथा विचार वर्धनाचा. तबकडीवरील सुई जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते. तिला शंभरपट वाढवावे लागते. पण कॉम्पॅक्ट डिस्कचे यंत्र दोन व्होल्ट देते, आणि बहुतेक शक्तिवर्धक एकदोन व्होल्टांतच पूर्ण शक्तीला पोहोचतात. त्याच्या मध्ये दहापट वाढविणारा व्हॉल्व्ह घातला तर आवाजाची कळ किंचित फिरविताच घर दणाणते आणि व्हॉल्व्हची खरखर मात्र दहापट होऊन ऐकू येते.

आता ज्या प्रश्नावर रसिकांत सर्वाधिक वाद होतो तिकडे वळू. व्हॉल्व्हचा आवाज अधिक गोड का वाटतो? उत्तर आपल्या तंबोऱ्यातच आहे. खर्जाची तार छेडली की तिच्यातून केवळ षड्ज निघत नाही. दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज, तिप्पट कंपनांचा पंचम आणि पाचपट कंपनांचा तो सुप्रसिद्ध स्वयंभू गंधार हेही तिच्यातून उमटतात. कोणताही वर्धक थोडी विकृती करतोच, म्हणजे मुळात नसलेले असे काही उपस्वर आपल्या पदरचे मिसळतो. तीन अग्रांचा व्हॉल्व्ह प्रामुख्याने दुप्पट कंपनांचा उपस्वर, म्हणजे वरचा षड्जच, मिसळतो. तो मूळ स्वरात मिसळून जातो आणि कानाला भरीव वाटतो. ट्रान्झिस्टरच्या पहिल्या काळातील शक्तिवर्धकांत मात्र एक ट्रान्झिस्टर संदेशाची वरची बाजू आणि दुसरा खालची बाजू सांभाळीत असे, आणि दोघांच्या सांध्यावर खाच पडत असे. त्या खाचेतून सातपट, नऊपट असे दूरचे उपस्वर निघत. ते मूळ स्वरात मिसळून जात नाहीत. शिवाय आवाज लहान केला तरी खाच तेवढीच राही, त्यामुळे रात्री हळू लावलेले गाणेच अधिक कर्कश वाटे. ट्रान्झिस्टरची बदनामी झाली ती त्या दिवसांत, आणि ती अकारण नव्हती.

परंतु ते दिवस गेले. सांध्यावर दोन्ही ट्रान्झिस्टर किंचित जागे ठेवण्याची युक्ती रूढ झाली. बाहेर पडलेल्या संदेशाचा अंश उलटा करून आत आणण्याची आणि त्यायोगे विकृती दाबण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्येच सुचली होती. ट्रान्झिस्टरच्या वर्धकांत तिचा सढळ उपयोग होऊ लागला. आज चांगल्या ट्रान्झिस्टर-वर्धकाची विकृती शेकडा ०.०१ च्याही खाली असते. प्रामाणिकपणे म्हणावयाचे तर तो वर्धक आपल्या पदरचे जवळजवळ काहीच घालीत नाही. म्हणून पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर ठेवला, तर व्हॉल्व्हने दिलेला रंग तो जसाच्या तसा मोठा करून स्पीकरकडे पोहोचवितो. तो रंग हवा की नको हा रुचीचा प्रश्न आहे. त्याला सत्यासत्याचे रूप देऊन भांडण्याचे कारण नाही. मला तो थोडासा हवा असतो. त्यात वडिलांची आठवण किती आणि उपस्वर किती, हे मी मोजलेले नाही.

याच्या उलट मांडणीही करता येते: पुढे ट्रान्झिस्टर, मागे व्हॉल्व्ह. येथे संरोधाची अडचण येत नाही, कारण ट्रान्झिस्टरच्या पूर्ववर्धकाचा निर्गमसंरोध शेदोनशे ओहम आणि व्हॉल्व्ह-वर्धकाचा प्रवेशसंरोध मोठा असतो. परंतु स्पीकर पारखून घ्यावा लागतो. दर वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबेल देणाऱ्या आजच्या लहान स्पीकरला दहा वॅट दिले तर ९६ डेसिबेल मिळतात; त्याच दहा वॅटांत ९६ डेसिबेलचा जुना मोठा स्पीकर १०६ देतो. शिवाय स्पीकरचा संरोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो, आणि व्हॉल्व्ह-वर्धकाचा निर्गमसंरोध एखाददोन ओहमही असू शकतो. त्यामुळे काही स्वर फुगतात, काही दबतात. ट्रान्झिस्टर-वर्धकाचा निर्गमसंरोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असल्याने तो पडद्यावर पकड ठेवतो. लहान खोली, सोशिक स्पीकर आणि मंद आवाजाची आवड असेल, तरच ही दुसरी मांडणी करावी.

आता काही पथ्ये. व्हॉल्व्हचा पूर्ववर्धक आधी सुरू करावा, तो तापून स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे आणि मगच शक्तिवर्धकाची कळ दाबावी. बंद करताना शक्तिवर्धक आधी, पूर्ववर्धक नंतर. हा क्रम चुकला तर व्हॉल्व्ह तापताना किंवा निवताना उठणारा धक्का ट्रान्झिस्टर मोठा करून स्पीकरवर आदळतो. मधला कंडेन्सर जुना असेल तर तो गळका आहे की नाही हे मीटरने पाहून घ्यावे. गळक्या कंडेन्सरमधून आलेला स्थिर दाब स्पीकरची गुंडाळी जाळू शकतो. व्हॉल्व्हचा शक्तिवर्धक स्पीकर न जोडता कधी चालवू नये, त्याचा ट्रान्सफॉर्मर फुटतो. ट्रान्झिस्टरच्या शक्तिवर्धकाच्या दोन तारा एकमेकींना कधी टेकू देऊ नयेत, त्याचे ट्रान्झिस्टर जळतात. दोन यंत्रे जोडल्यावर घुमघुम ऐकू आली तर ती बहुधा दोन ठिकाणी भूमीला जोडल्यामुळे होते. अशा वेळी सुरक्षिततेची अर्थिंगची तार तोडण्याचा मोह मुळीच धरू नये. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत आणि मधली तार आखूड ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य जिवाचे आहे. व्हॉल्व्हच्या पेटीतील कंडेन्सर वीज बंद केल्यावरही दोनतीनशे व्होल्टांचा दाब धरून राहू शकतात. पेटी बंद आहे म्हणून ती निर्धोक आहे, असे समजणे प्राणघातक ठरेल. आत हात घालण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, आणि मुलांच्या हाताला पेटी लागू देऊ नये.

व्हॉल्व्ह आता मिळतात कोठे, असे आपण विचाराल. रेडिओच्या कारखान्यांनी ते केव्हाच सोडले. परंतु स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांत संगीतासाठी म्हणून ते अजून तयार होतात, आणि पूर्ववर्धकाचे लहान व्हॉल्व्ह त्यामानाने सहज मिळतात. दुर्मिळ आणि महाग झाले आहेत ते चांगले ट्रान्सफॉर्मर, आणि ते गुंडाळणारे हात. म्हणूनच ज्या घरी जुना शक्तिवर्धक निकामी होऊन पूर्ववर्धक शाबूत आहे, त्या घरी सगळेच टाकून देण्याची घाई करू नये. एका पिढीने हौसेने जुळविलेली वस्तू पुढच्या पिढीच्या वस्तूशी जुळत नाही असे वाटते, तेव्हा दोघींपैकी एक वाईट असतेच असे नाही. मधला दुवा कोणत्या काळाच्या हिशेबाने बसविला होता, ते आधी पाहावे.

आमच्या घरी वडिलांची ती पेटी आजही पुढे आहे आणि नवा वर्धक मागे. ज्या स्नेह्यांनी निर्णय दिला होता ते पुढे एकदा आले, तेव्हा मी तीच तबकडी लावली. खर्ज लागताच त्यांनी मान डोलावली. काय बदलले, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही गाणे संपेपर्यंत सांगितले नाही.